कॅबिनेट शेवटी घ्या, पण टेप आधी काढा

२०२४ च्या दिवाळीआधी अकोल्याहून भाच्याचा मेसेज आला, "मामा, पीसी असेंबल करायचाय, ३५ हजारात बसव, मॉनिटर आहे आपल्याकडे." खाली त्याने स्वतः केलेली यादी. यादीत पहिल्या नंबरला काय, तर कॅबिनेट, म्हणजे पीसीचा बाहेरचा डबा. समोर काच, बाजूला काच, सहा पंखे आणि सहाच्या सहा रंग बदलणारे. एसएमपीएसच्या, म्हणजे पॉवर सप्लायच्या, पुढे लिहिलेलं "कॅबिनेटसोबत फ्री". आणि प्रोसेसरच्या पुढे प्रश्नचिन्ह. म्हणजे मांडव घातला, बँड ठरला, नवरामुलगा कोण ते अजून माहीत नाही.

त्याला नावं ठेवत नाहीये, पहिल्यांदा पीसी जुळवणारा जवळपास प्रत्येकजण असाच सुरू होतो, कारण कॅबिनेट दिसतं आणि बाकीचं सगळं त्याच्या पोटात जातं. पण गंमत अशी की या डब्यात जे भरायचं ते ठरल्याशिवाय डबा केवढा हवा तेच कळत नाही, आणि एकदा नीट घेतला तर प्रोसेसर बदलेल, मदरबोर्ड (ज्यावर बाकीचे भाग बसतात तो) बदलेल, रॅम बदलेल, डबा मात्र तोच राहील. माझं स्वतःचं कॅबिनेट २०११ चं आहे, काळं, पत्र्याचं, कुणी बघितलं तर बँकेतून उचलून आणलंय म्हणेल, त्यात आता तिसरा मदरबोर्ड बसलाय. हे जमतं कारण इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स नावाचं माप ठरवलं आणि बोर्डाची भोकं, मागच्या पट्टीची जागा, एसएमपीएसचे स्क्रू हे सगळं अजूनही त्याच मापावर चाललंय. कॉम्प्युटरच्या दुनियेत तीस वर्षं टिकलेल्या गोष्टी फार नाहीत, ही त्यातली एक.

तर उलट्या बाजूने जाऊ. आधी काम, मग प्रोसेसर, मग बोर्ड-रॅम, मग एसएमपीएस आणि सगळ्यात शेवटी कॅबिनेट. फक्त एक गोष्ट अगदी सुरुवातीला करायची, ती म्हणजे टेप घेऊन पीसी जिथे ठेवायचाय ती जागा मोजायची, त्याच्याकडे नंतर येतो.

भाच्याचं काम म्हणजे इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, कोडिंग, थोडंफार कॅड (कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग), आणि "कधीतरी गेम". कधीतरी म्हणजे रोज, हे मला माहितीये आणि त्याच्या आईलाही माहितीये. ३५ हजारात वेगळं ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र तयार करणारं) टाकायचं तर बाकी सगळीकडे उपाशी राहावं लागतं. म्हणून असा प्रोसेसर बघायचा ज्याच्या पोटातच बऱ्यापैकी ग्राफिक्स आहे आणि कार्ड पुढच्या वर्षी, पैसे साठले की. आम्ही एएमडीचा रायझन ५ ५६००जी घेतला, सहा कोअर (म्हणजे आत सहा मेंदू), बारा थ्रेड (एका वेळी बारा कामं), आत वेगा नावाचं ग्राफिक्स, आणि प्रोसेसरच्या खोक्यात तो थंड ठेवणारा कूलर फुकट मिळतो. तो २०२१ चा प्रोसेसर आहे, नवा नाही, पण बजेटमध्ये "नवा" या शब्दाचे पैसे फार पडतात.

इथे अक्षरांकडे नीट बघा. इंटेलच्या नंबरापुढे एफ लागला, उदाहरणार्थ आय३ १२१००एफ, तर त्याच्यात ग्राफिक्स नसतंच. दुकानदार "सेम आहे, वर स्वस्त पण आहे" म्हणतो आणि तो खोटं बोलत नसतो, पण कार्ड न घेता तो बसवलात तर मॉनिटरवर काहीही येणार नाही. साधा १२१०० घेतला तर ग्राफिक्स असतं, ऑफिसच्या आणि घरच्या कामाला भरपूर झालं, गेमला मात्र ५६००जी च्या वेगा ग्राफिक्सपेक्षा कमी. रायझनच्या ५००० मालिकेत नेमकं उलटं, तिथे जी असेल तर ग्राफिक्स आहे, साधा ५६०० असेल तर नाही. एका अक्षरावर लोकांचा रविवार वाया गेलेला मी बघितलाय.

बोर्डाचं फार ताणत नाही. सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, जुळायला हवं, ५६००जी ला एएम४ लागतं, त्यात ए५२०, बी४५०, बी५५० असे चिपसेट येतात. साध्या कामाला ए५२० चालतो. एकच विचारून घ्या की बायोस (बोर्डाचं स्वतःचं, पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट आहे का, कारण बी४५० बोर्ड ५००० मालिकेच्या आधीचे आहेत, जुना स्टॉक असला तर प्रोसेसर ओळखतच नाही आणि मग अपडेट करायला जुना प्रोसेसर कुठून आणणार. दुकानात उभं राहूनच करून घ्या, पाच-दहा मिनिटांचं काम असतं.

आता बोर्डाची साईज, कारण कॅबिनेट यावर ठरतं. पूर्ण एटीएक्स म्हणजे ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स म्हणजे २४४ बाय २४४ चा चौकोन, आणि मिनी आयटीएक्स १७० बाय १७०, साधारण वीतभर चौकोन म्हणा. बजेटमध्ये तुम्ही मायक्रो एटीएक्सच घेणार, डोळे झाकून. मिनी आयटीएक्स दिसायला गोंडस असतं पण लहान वस्तूला जास्त पैसे पडतात, आणि पूर्ण एटीएक्सच्या जास्तीच्या स्लॉटमध्ये तुम्ही काहीही लावणार नाही आहात. मोठ्या कॅबिनेटमध्ये लहान बोर्ड बसतो, लहानात मोठा बसत नाही, हे आपल्या डब्यांच्या मांडणीसारखंच.

रॅममध्ये एक गोष्ट अशी आहे जी फुकट वेग देते आणि तरी लोक सोडतात. १६ जीबी घ्यायची तर १६ ची एक पट्टी नाही, ८-८ च्या दोन. प्रोसेसर आणि रॅममध्ये दोन रस्ते असतात, एकच पट्टी लावली की एक रस्ता रिकामा पडून राहतो. वेगळं कार्ड असेल तर हे एवढं जाणवत नाही, पण ५६००जी चं ग्राफिक्स स्वतःची मेमरी बाळगत नाही, ते घरातल्याच रॅममधून उसनं घेतं, त्यामुळे दोन पट्ट्या लावल्या की गेमचा वेग चांगलाच वाढतो. आणि उसनं घेतं म्हणूनच ८ जीबी पुरत नाही, त्यातली काही ग्राफिक्सला जाते आणि उरलेल्यात विंडोज आणि क्रोम भांडत बसतात. ३२०० मेगाहर्ट्झची रॅम लावली तरी बऱ्याचदा ती आपोआप २४०० किंवा २६६६ वरच चालते, बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करावं लागतं. एक क्लिक, पैसे आधीच भरलेत.

(आता लिहिताना एक सांगायला हवं, आम्ही घेतली तेव्हा १६ जीबी साडेतीन हजारांच्या आसपास पडली होती. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी एवढी उचलायला सुरुवात केली की रॅमचे भाव दुपटीहून वर गेले. तेव्हा आज यादी कराल तर रॅमचा भाव आधी विचारा आणि मग बाकीचं ठरवा. डीडीआर४ (या बोर्डांना लागणारी रॅम) सेकंडहँड मिळाली, समोर लावून चालवून दाखवली, तर घ्यायला हरकत नाही, रॅम सहसा म्हातारी होऊन मरत नाही.)

फाईली साठवायला एसएसडी एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी, वेगवान) घ्या, ५०० जीबी. महाग "जेन ४" (चौथ्या पिढीची) वाली कशाला, ५६००जी प्रोसेसर जेन ३ पर्यंतच जातो, त्याच्यावर ती जेन ३ च्याच वेगाने चालणार, आणि तो वेगही सेकंदाला साडेतीन हजार एमबीपर्यंत असतो, साटावाल्या (जुन्या पद्धतीच्या, वायरने जोडायच्या) एसएसडीच्या सहाएक पट. जुनी हार्ड डिस्क घरात असेल तर फोटो आणि सिनेमे तिच्यावर टाका, विंडोज नाही.

बरं, आता एसएमपीएस. इथे मी थोडा वेळ थांबणार आहे कारण इथेच सगळ्यात जास्त फसवणूक होते आणि फसलेल्याला वर्षभर कळत पण नाही.

आपल्याकडे पॉवर सप्लायला सगळे एसएमपीएसच म्हणतात, त्याचं काम भिंतीतले २३० व्होल्ट घेऊन १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी करून देणं. आजकालच्या पीसीत प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवर जगतात, त्यामुळे बाकीचे आकडे शोभेला, १२ व्होल्टवर किती अँपिअर मिळतात तेवढंच खरं बघायचं. भाच्याच्या यादीतल्या त्या "फ्री" एसएमपीएसचा फोटो मी मागवला. वर मोठ्या अक्षरात ४५०. बाजूच्या स्टिकरवर बारीक अक्षरात तक्ता, त्यात १२ व्होल्टच्या खाली लिहिलेलं १४ अँपिअर. गुणाकार करा, १२ गुणिले १४ म्हणजे १६८. झालं. नाव ४५०, कामाचे वॅट १६८. मग ४५० कुठून आले हे विचारायचं नाही. तसाच ४५० वॅटचा बरा, ब्रॉन्झवाला एसएमपीएस बघितला तर त्याच तक्त्यात ३६ अँपिअर दिसतात, म्हणजे ४३२ वॅट. दुकानात काउंटरवर मोबाईल काढून हा एक गुणाकार करा, दुकानदाराचा बोलण्याचा सूर बदलतो.

ते "८० प्लस ब्रॉन्झ" म्हणजे काय तर भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती पीसीला पोचते आणि किती नुसती उष्णता होऊन जाते याचं प्रमाणपत्र. ब्रॉन्झ म्हणजे अर्ध्या लोडवर साधारण ८५ टक्के पोचते. बिलात फार फरक पडत नाही खरं तर, पण या चाचणीला उतरणारा सप्लाय सहसा आतूनही बरा असतो, त्यात शॉर्ट झालं किंवा व्होल्टेज वाढलं की स्वतःला बंद करून घेणारी सर्किटं असतात. फुकटवाल्यात यातलं काय आहे आणि काय नाही हे त्यालाच माहीत. चार हजारांचा बोर्ड एसएमपीएस घेऊन गेला असं आपण म्हणतो ना, ते यामुळे.

किती वॅटचा घ्यायचा? इथे लोक उगाच घाबरतात. ५६००जी जोर लावला तरी ८८ वॅटच्या आसपास खातो, बोर्ड, रॅम, पंखे, एसएसडी धरून सगळा पीसी दीडशेच्या आत. पुढे ११५ वॅट खाणारं, आरटीएक्स ४०६० सारखं कार्ड टाकलं तरी अडीचशे-पावणेतीनशे. म्हणजे खरा ४५० पुरे, खरा ५५० घेतलात तर निवांत. ७५० ची गरज बजेट पीसीला नाही. आणि यूपीएस घेताना लक्षात ठेवा, ६०० व्हीए लिहिलेला यूपीएस बहुतेक ३६० वॅटचाच असतो. लाईट गेल्यावर फाईल सेव्ह करून बंद करण्यापुरता, गेम पूर्ण करण्यापुरता नाही, हे भाच्याला दोनदा सांगावं लागलं.

आता ये बाबा कॅबिनेट.

पहिलं तर हवा. पीसीच्या आतलं तापमान खोलीपेक्षा कमी कधीच होत नाही, पंखा हवा हलवतो, थंड करत नाही. पुण्यात डिसेंबरात खोली २२ ला असते आणि प्रोसेसर जोरात चालला तर समजा खोलीच्या वर ४० अंश जातो, म्हणजे ६२, काही त्रास नाही. तोच पीसी अकोल्यात मे महिन्यात, खोलीतच ४० असताना, ८० वर पोचतो. ५६००जी ची हद्द ९५ ची आहे, ती गाठली की तो स्वतःच वेग कमी करतो आणि मग "पीसी उन्हाळ्यात हँग होतो" अशी तक्रार येते. कॅबिनेट घुसमटणारं असेल तर तेच ४० चं अंतर ५० होतं. म्हणजे विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात राहणाऱ्याला समोर काचेचं कॅबिनेट म्हणजे उन्हात कोट घालून फिरणं. व्हिडिओ बनवणारे एसीत बसून ते दाखवतात, त्यांचं चालतं.

काचेच्या मागे तीन पंखे लावलेले असतात, दिसतात सुंदर, पण हवा घेणार कुठून? बाजूच्या बोटभर फटीतून. मी दुकानात एक साधी गोष्ट करतो, समोरच्या पॅनेलला तळहात लावतो, मग पॅनेल काढून आतल्या पंख्याच्या समोर कागद धरून बघतो की बाहेरून आत उजेड किती येतोय. जिथून उजेड येत नाही तिथून हवा काय येणार. समोर जाळी हवी, जाळीच्या मागे निघणारा धुळीचा फिल्टर हवा, समोरून हवा आत, मागून बाहेर. १२० मिलिमीटरचे समोर दोन, मागे एक, एवढ्यावर बजेट पीसी आरामात चालतो. आत घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवले की फटीफटीतून धूळ ओढली जात नाही, फिल्टरमधूनच येते. सहा पंख्यांतले चार निव्वळ रोषणाई असतात.

आणि स्वस्त कॅबिनेटच्या पंख्यांची वायर बघा. ती जुन्या चार पिनच्या मोठ्या पांढऱ्या मोलेक्स कनेक्टरची असेल तर ते पंखे थेट सप्लायवर चालणार, म्हणजे कायम फुल स्पीड, रात्री अभ्यास करताना गिरणी. तीन किंवा चार पिनचा छोटा कनेक्टर असेल तर बोर्डाला लागतो आणि बोर्ड वेग कमी-जास्त करतो. फक्त बजेट बोर्डावर पंख्यांच्या जागा दोन-तीनच असतात, मोजून घ्या. लाईटचं पण सांगून टाकतो, पाच व्होल्टवाला तीन पिनचा आणि बारा व्होल्टवाला चार पिनचा, दोन वेगळे आहेत, पाचवाला बारावर लावला तर दिवे जातात, वास पण येत नाही, नुसते जातात.

दुसरं माप. कॅबिनेटच्या माहितीत तीन आकडे शोधायचे. बोर्ड कुठल्या साईजपर्यंत, कूलरची उंची किती, कार्डाची लांबी किती. आज कार्ड नसलं तरी तिसरा आकडा बघाच, दोन पंख्यांचं साधं कार्ड २०० ते २५० मिलिमीटरमध्ये बसतं, तीन पंख्यांचं तीनशेच्या पुढे जातं. आणि दिलेल्या लांबीतून समोरचा पंखा वजा करावा लागतो का ते विचारा, पंख्याची जाडी २५ मिलिमीटर, एवढ्याच फरकाने कार्ड अडकतं. कूलर प्रोसेसरसोबत आलेलाच वापरणार असाल तर उंचीची चिंता नाही, तो बुटका असतो. पुढे उभा टॉवर कूलर लावायचा विचार असेल तर १६० पर्यंत जागा हवी.

आणि आता टेप. भाच्याच्या घरी जुनं कॉम्प्युटर टेबल आहे, सनमायकाचं, खाली सीपीयूसाठी कप्पा, तुमच्याकडे पण असेल, दहा-पंधरा वर्षांपूर्वी घेतलेल्या प्रत्येक घरात असतं. मी फोनवर म्हटलं, कप्पा मोज. उंची ४४ सेंटिमीटर. त्याच्या लाडक्या कॅबिनेटची उंची ४७. म्हणजे ते घरी येऊन टेबलावर मॉनिटरच्या शेजारी बसलं असतं आणि वह्या जमिनीवर. त्याहून वाईट म्हणजे त्या कप्प्याची मागची फळी बंद होती, पीसी मागून गरम हवा सोडणार, ती फळीवर आपटून पुन्हा समोर, तीच हवा परत आत. पंखे कितीही लावा. शेवटी सुताराने दहा मिनिटांत मागची फळी कापून दिली, त्याचे शंभर रुपये घेतले, माझ्या मते सगळ्या बिल्डमधला सगळ्यात स्वस्त कूलिंग अपग्रेड तोच. आणि विदर्भवाल्यांनो, पीसी खोलीतल्या पाण्याच्या कूलरच्या झोतात ठेवू नका, गार लागेल म्हणून ठेवतात, पण त्यात पाण्याचे तुषार येतात, थंड होण्याआधी गंजतो.

तिसरं हात. हे ऑनलाईन फोटोत कळत नाही म्हणून शक्य असेल तर एकदा दुकानात जाऊन कॅबिनेट उघडून बघा. बाजूच्या पत्र्याच्या मध्यभागी अंगठ्याने दाबा, स्वस्तातलं पापडासारखं आत जातं आणि टक्क आवाज करत परत येतं, असं पंख्याच्या कंपनाने गुणगुणणार. आतल्या कडांवरून हळूच बोट फिरवा, कडा दुमडलेल्या नसतील तर बसवताना बोट कापणार हे ठरलेलं. मागच्या बाजूला कार्डाच्या पट्ट्या बघा, स्क्रूने निघणाऱ्या असतील तर उत्तम, पत्रा पिळून तोडायच्या असतील तर एकदा तोडली की ती जागा कायमची उघडी, झुरळांचा दरवाजा. हसू नका, एसएमपीएसच्या उबेला झुरळं येतात आणि पालही येते, कुठल्याही रिपेअरवाल्याला विचारा. बोर्डाच्या मागे वायरी लपवायला दीड-दोन सेंटिमीटर जागा आहे का बघा, नसेल तर दुसऱ्या बाजूचा पत्रा फुगून बसतो आणि मग गुडघा लावून स्क्रू पिळावा लागतो.

काच घेणारच असाल तर बाजूची घ्या, समोरची नको, आणि काढल्यावर ती टाईल्सवर उभी टेकवू नका. टफन काच मधोमध हात मारला तरी टिकते पण तिची कड फरशीच्या टाईलला जराशी ठोकली तरी एका क्षणात तांदूळ सांडल्यासारखी होते. काढायची, गादीवर नाहीतर गोधडीवर आडवी ठेवायची.

एवढं सगळं बघून आम्ही घेतलेलं कॅबिनेट मायक्रो एटीएक्सचं, समोर जाळी, तीन पंखे आलेले, तीन हजारांच्या आत. एसएमपीएस वेगळा, तीन हजार. प्रोसेसर साडेअकरा, बोर्ड साडेपाच, रॅम साडेतीन, एसएसडी तीन, कीबोर्ड-माउस आणि यूपीएस धरून ३४ च्या आसपास गेलो. त्याच्या मूळ यादीत कॅबिनेटच साडेसहा हजारांचं होतं. विंडोजचे पैसे यात नाहीत, कॉलेजचं लायसन्स मिळतंय का बघ म्हटलं, तोपर्यंत लिनक्स टाकून दिलं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ५६००जी वर ११ चालतं, पण फार जुना सेकंडहँड पीसी घेत असाल तर हे आधी तपासा.

सेकंडहँडचंही दोन वाक्यांत. ऑफिसमधून निघालेली ब्रँडेड मशीनं स्वस्तात मिळतात आणि ऑफिसच्या कामाला खरंच छान असतात, फक्त त्यातल्या बऱ्याच मशीनचा बोर्ड आणि सप्लाय कंपनीच्या स्वतःच्या मापाचा असतो, म्हणजे तो १९९५ चा एटीएक्सचा करार तिथे लागू नाही. पुढे अपग्रेड करायचंय म्हणून घेत असाल तर आधी उघडून बघा.

खरेदी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर केली, ग्रँट रोडला उतरून चालत. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलंय पण टॅक्सीवाल्याला ते सांगाल तर तो तुमच्याकडे बघत राहील. सल्ला एकच, एका दुकानातून सगळं घेण्याच्या मोहात पडू नका पण प्रोसेसर-बोर्ड-रॅम मात्र एकाच ठिकाणी घ्या, कारण तिघांतलं एक बिघडलं की प्रत्येक दुकानदार दुसऱ्याकडे बोट दाखवतो. एका दुकानात मला "बिल नको असेल तर एवढे कमी" अशी ऑफर झाली. १८ टक्के जीएसटी वाचतो हे खरं, पण एसएमपीएसची तीन-पाच वर्षांची वॉरंटी त्या कागदावर असते, आणि बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या, नुसतं "रॅम १ नग" नाही.

एक गोष्ट पीसी लावण्याआधी, भिंतीतली अर्थिंग तपासा. पीसीच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात ना, अनेकांना वाटतं कॅबिनेट खराब आहे. तसं नसतं. एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोघांपासून पत्र्याला जोडलेले, गळणारी इवलीशी वीज अर्थच्या वायरने जमिनीत जावी अशी योजना. अर्थ नसली की पत्रा अधांतरी राहतो, निम्म्या व्होल्टेजला, म्हणजे एकशे पंधराच्या जवळ. करंट फार कमी असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या. जुन्या वाड्यात, भाड्याच्या खोल्यांत तिसऱ्या भोकात वायरच नसते. इलेक्ट्रिशियनला बोलवा, चप्पल घालून पीसी वापरणं हा उपाय नव्हे, आणि तीन पिनचा प्लग दोन पिनच्या अडॅप्टरात घालणं तर नाहीच.

जुळवणं मी व्हिडिओ कॉलवर करून घेतलं. कॅबिनेटमध्ये बोर्डाखाली पितळी उंचवटे लावायचे असतात, बोर्डाला जिथे भोक तिथेच उंचवटा, एखादा जास्तीचा राहिला तर तो बोर्डाच्या मागच्या टाक्यांना टेकून शॉर्ट करतो, म्हणून मोजून लावायचे. मागची आयओची (यूएसबी, एचडीएमआयच्या भोकांची) पत्र्याची चौकट बोर्डाआधी बसवायची, शंभरातले नव्वद जण विसरतात आणि सगळं परत काढतात, मी तीनदा काढलंय. पॉवर बटणाच्या त्या केसाएवढ्या वायरी बोर्डाच्या पुस्तकात बघून लावायच्या, पॉवर स्विच उलटा लागला तरी चालतो, एलईडी उलटी लागली तर पेटत नाही एवढंच.

रात्री साडेअकराला बटण दाबलं. पंखे फिरले, दिवा लागला, मॉनिटर काळा. पाच मिनिटं शांतता, मग मागून त्याच्या आईचा आवाज, "दुकानातूनच करून आणायला काय झालं होतं." एचडीएमआय बोर्डालाच लावलीये ना? हो. प्रोसेसरची आठ पिनची वायर वरच्या कोपऱ्यात? लावली. रॅम? "बसवली ना मामा." कॅमेरा जवळ ने म्हटलं. एका पट्टीची वरची खिट्टी बंद, खालची बाजू तांदळाच्या दाण्याएवढी वर. दाब म्हटलं, घाबरू नकोस, दोन्ही अंगठ्यांनी. टक्क वाजलं.